तक्रारसाहेब

तक्रारीचं पत्र आलं की आमच्या साहेबांचा चेहरा उजळायचा. दुसऱ्या कोणाच्या कपाळाला आठ्या पडतील असं पत्र ते दोनदा वाचत, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचत आणि मग चहा सांगत. "गिऱ्हाईक भांडतंय, म्हणजे चक्की चालू आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पिठाच्या चक्क्या बनत आणि बऱ्याचशा आफ्रिकेत जात. त्यांचे सुटे भाग पाठवणं आणि तिकडून आलेल्या शिव्या खाणं हे साहेबांचं खातं. म्हणून सगळा कारखाना त्यांना तक्रारसाहेब म्हणायचा. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर पार्सलांचे कागद करायचे आणि चुकले की त्यांची बोलणी खायचे. ती रोज मिळायची.

फुकट या शब्दाशी त्यांचं वाकडं होतं. कोणी वाढदिवसाचा केक दिला की दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट. पार्सलं शिवायचं कापड आणायला आम्ही उल्हासनगरला जायचो, तेव्हा तिथल्या सिंधी शेठशी त्यांचा वाद ठरलेला. साहेब म्हणायचे, गरीब देश मदतीने वर येत नसतात. त्यांचा माल घ्या, त्यांना माल विका, बरोबरीने भांडू द्या. तुमचंच बघा, निर्वासित म्हणून आलात आणि धंद्यावर उभे राहिलात. शेठने एकदा कापड फाडता फाडता शांतपणे विचारलं, "साईं, पहला साल कैंप में राशन नहीं मिलता, तो बोहनी करने को बचता कौन?" साहेबांनी कापडाचे पैसे मोजले. परतताना रिक्षात मला म्हणाले, पहिल्या वर्षाचं मान्य, पण दहाव्या वर्षीही नुसतं राशनच मिळालं असतं तर? हे दुकानात का नाही बोललात, असं मी चिडवलं. त्यावर त्यांनी मला मांडीवरचं कापड नीट धरायला सांगितलं.

त्यांचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक टांझानियातलं होतं. नीमा नावाच्या बाईने स्वतःच्या पैशाने आमची एक चक्की घेतली होती. ती उघडायला शिकली, जोडायला शिकली आणि पुढे आसपासच्या गावांतल्या चक्क्यांना सुटे भाग विकू लागली. मला वाटलं, नाव नीमा, म्हणजे आपल्याकडचीच कोणीतरी लग्न होऊन तिकडे गेलेली. संक्रांतीला मी पार्सलात तिळगुळाची पुडी घातली आणि वर मराठीत चिठ्ठी, 'तिळगूळ घ्या, गोड बोला'. उत्तर आलं की गोड पदार्थ पोरांनी खाल्ला, चिठ्ठी इथे कोणालाच वाचता आली नाही, पण चक्कीतल्या जाळीची भोकं अजून मोठीच आहेत, मक्याचं पीठ जाडं पडतं, तुम्ही लोक काम करता की झोपा काढता? साहेबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मग स्वतः खाली वर्कशॉपमध्ये उभं राहून त्यांनी तिच्यासाठी बारीक भोकांची जाळी करून घेतली. महिन्याभराने मोबाइलवर फोटो आला. तळहातावर मूठभर पीठ, आणि खाली इतकंच की आता ठीक आहे.

त्यांची बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. घरी बोलायला कोणी नाही, त्यामुळे नीमाबाईशी फोनवर मोडक्या इंग्रजीत होणारं भांडण हाच त्यांच्या दिवसाचा विरंगुळा होता. आम्ही त्यावरून त्यांची टिंगल करायचो. आता वाटतं, जरा कमी करायला हवी होती.

मग मोठी ऑर्डर आली. एका परदेशी मदतसंस्थेला नीमाच्याच जिल्ह्यात गावोगावी आमच्या चक्क्या फुकट वाटायच्या होत्या. कारखान्यात कामगारकपातीची कुजबूज चालू असताना ही बातमी आली, त्यामुळे पेढे वाटले गेले. साहेबांनी पेढा तसाच हातात धरला. मालकांना जाऊन म्हणाले, अर्ध्या चक्क्या तरी कमी भावात नीमामार्फत विकू द्या, ती दुरुस्तीही करेल. मालक म्हणाले, त्यांच्या योजनेत विकण्याचा रकानाच नाही, आणि दारात आलेल्या लक्ष्मीला आपण कशाला रकाने शिकवायचे?

कागदांत एक दाखला होता. 'सुट्या भागांची व दुरुस्तीची सोय स्थानिक पातळीवर उपलब्ध आहे.' त्याखाली साहेबांची सही हवी होती. ती सोय म्हणजे नीमा, आणि गावोगावी फुकट दळण सुरू झाल्यावर तिच्या दुकानात कोण येणार? तीन दिवस कागद टेबलावर पडून राहिला. चौथ्या दिवशी मीच तोंड उघडलं. "साहेब, सही करा. ऑर्डर गेली तर पहिली मी घरी बसेन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

पुढचं वर्षभर नीमाच्या तक्रारी वाढल्या. जाळीच्या नव्हत्या. दळायला कोणी येत नाही, तिने शिकवलेला मिस्त्री शहरात निघून गेला, असं काय काय. साहेब कळवत राहिले की धीर धर, त्या चक्क्या बंद पडतील, मग तुझ्याकडेच येतील. चक्क्या पडल्याही बंद. पण तोवर तिचं दुकान बंद झालं होतं, आणि संस्थेने दुरुस्तीऐवजी नव्या चक्क्या पाठवल्या. त्याही आमच्याच.

साहेब निवृत्त होऊन बदलापूरला खरवईतल्या नव्या इमारतीत राहायला गेले. निम्म्या फ्लॅटना कुलपं. मी बदलापूरचीच, त्यामुळे रविवारी जायचे. एकदा गेले तर फोन माझ्यापुढे धरून उभे. नीमाचा निरोप होता. तिच्या महिला गटाला संस्थेकडून एक चक्की फुकट मिळाली, साहेबांचे फार आभार, देव तुमचं भलं करो.

"इतक्या वर्षांत हिने मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं," साहेब म्हणाले. "आता ती माझं गिऱ्हाईक नाही राहिली, सुजाता." त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी फोन उलटा ठेवला.

ते माझ्या मनातून जाईना. एका रविवारी मी सरळ बोलून टाकलं की साहेब, तेव्हा सही मी करायला लावली. मला ओरडा हवा होता. पार्सलाचं वजन चुकवल्यावर ओरडायचे, तसा. ते चहा गाळत होते. म्हणाले, "तुझी नोकरी राहिली ना?" मी हो म्हटलं. "मग झालं तर."

निघताना दारापर्यंत आले. मी चपला घालत होते.

"येत असतेस," ते म्हणाले, "तुझा आभारी आहे."

जिना उतरताना मला नीमाचा तो निरोप आठवला, आणि फार परकं आणि एकटं वाटलं. पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला, साहेब गेल्याचा.