वाचून दाखवलेला ठराव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी तंबाखूची पुडीसुद्धा कधी लपली नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. अजूनही कुणी माझ्यासमोर रजिस्टर उघडलं की तळहात ओले होतात. दवाखान्यात, पोस्टात, नातवाच्या शाळेत, कुठेही. वाटतं, हा माणूस आता ते पान काढणार.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. बोरी अरबच्या बाजाराला जाणाऱ्या एका लहान गावात मी शाळामास्तर होतो आणि ग्रामपंचायतीची लिखापढीही माझ्याकडेच होती. सभेची नोटीस काढायची, ठराव लिहायचे, सह्या घ्यायच्या. माझं अक्षर चांगलं होतं. त्याचा गर्वही होता, आता लपवून काय करू?

सभा मारुतीच्या देवळात भरायची. सुखदेव हा वस्तीतून निवडून आलेला सदस्य. छप्पनच्या दीक्षेनंतर वस्तीतली सगळी घरं बौद्ध झाली होती. आधी त्याच्या माणसांना देवळात कुणी येऊ देत नव्हतं. आता तोच म्हणायचा, आम्ही देवळाची पायरी चढत नाही. आम्हा सगळ्यांना किती हायसं वाटलं असेल! तो बाहेर निंबाखाली दगडावर बसायचा आणि सभा संपली की मी रजिस्टर घेऊन त्याच्याकडे जायचो. "गुर्जी, सभा शाळेत घ्या न," असं तो एकदा म्हणालाही. शाळेची किल्ली माझ्याच खिशात असायची. नोटिशीवर जागा मीच लिहायचो. दर महिन्याला देऊळच लिहिलं. पण हेही — हेही सांगताना मी कडेकडेनेच फिरतोय.

मी स्वतःला सुधारक समजायचो, हे सांगायला हवं. त्याच्या घरचा चहा प्यायचो. चारचौघांत त्याला भाऊ म्हणायचो. त्याला सही मीच शिकवली, महिनाभर पाटीवर घोटून घेतली. वाचता येत नव्हतं त्याला, पण सही करताना जीभ दाताखाली धरायचा आणि एकेक अक्षर जपून काढायचा.

त्या वर्षी गावाला एक विहीर मंजूर झाली. एकच. वस्तीतल्या बाया उन्हाळाभर नाल्यात झिरे उकरून वाटीवाटीने घागरी भरायच्या, म्हणून सुखदेव दर सभेत बाहेरून ओरडून विहीर वस्तीजवळ मागायचा. सरपंचांना ती चौकात हवी होती. चौकातल्या विहिरीवर वस्तीला कुणी पाणी भरू दिलं नसतं, कायद्यात काहीही लिहिलेलं असो. पण सुखदेवची सही नसेल तर वर तक्रार जाणार होती. सरपंच मला एवढंच म्हणाले, "मास्तर, पाहून घ्या तुमी." दम नाही, बदलीचं नाव नाही. मग मी का केलं? दुसऱ्या दिवशी त्यांनी रस्त्यात मान वळवू नये, एवढ्यासाठी? बहुधा एवढ्यासाठीच.

मी लिहिलं — विहीर चौकात, सर्वानुमते. बाहेर गेलो. आणि त्याला वाचून दाखवलं — विहीर वस्तीजवळ.

त्याला खरंच वाटेना. "आणखीन एक डाव वाचा न, गुर्जी." मी पुन्हा वाचलं. पहिल्यांदा एका शब्दावर अडखळलो होतो. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. त्याने हात धोतराला पुसले आणि सही केली.

चौकात खोदकाम सुरू झालं तशी वस्ती पंचायतीवर आली. सरपंचांनी ते पान उघडून दाखवलं. एक म्हातारी सुखदेवला म्हणाली, "सही करतानी तुले आमच्या घागरी नाई दिसल्या कारे?" तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती — त्याला वाटत होतं, गुरुजी आहेत ना, आता सांगतील. "गुर्जी, तुमी मले काय वाचून दाखवलं होतं, थे सांगा न याइले."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "जे लिहिलं होतं तेच."

हे मी केलं. वाचताना खोटं बोललो तेव्हा निदान तो आणि मी दोघंच होतो. हे मी त्याच्या माणसांसमोर केलं. त्यानंतर वस्तीने त्याच्याशी बोलणं टाकलं. आपल्याच माणसांचं पाणी विकलं, असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. मी ऐकायचो आणि शाळेकडे चालू लागायचो.

पुढच्या सभेला तो आला. दगडावर बसला. मी रजिस्टर पुढे केलं, तर त्याने दोन्ही हात काखेत घातले आणि दुसरीकडे पाहत राहिला. सही नाही म्हणजे हजेरी नाही, सरपंच म्हणाले. मी त्याच्या नावापुढे लिहिलं — गैरहजर. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही. तो समोर बसलेला असायचा आणि मी लिहायचो.

सलग गैरहजर राहिल्यामुळे शेवटी त्याचं सदस्यपद रद्द झालं. तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे. सुखदेवने त्यातली एकही सभा चुकवली नव्हती. त्या दिवशीही बाहेर बसला होता.