टॉवरला मान दिसत नाही

दानेश्वरी पहिल्यांदा नजरेत भरली ती आठवीच्या वर्गात, आणि तीही तिच्या हातांमुळे. बाई फळ्याकडे तोंड करून काही विचारत तेव्हा ही गप्प. बाई वळून तेच विचारत तेव्हा हिचं उत्तर तयार. पाणी प्यायला जाऊ का, हे ती तोंडाने कधी विचारत नसे. बाकावरूनच अंगठ्याने खूण करी. मुलीला कमी ऐकू येतं की काय, म्हणून शाळेनं कान तपासून घ्यायला सांगितलं. कान ठणठणीत निघाले.

उलगडा झाला तो तिच्या घरी गेल्यावर. तिचे वडील चनबसप्पा यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. माग सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचा शब्दही कानावर येत नाही. तिथं सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात आणि हातानं उत्तर देतात. धागा तुटला, चहा आला, गिऱ्हाईक आलं, प्रत्येकाची खूण ठरलेली. दानेश्वरी रांगायला शिकली ती या शेडमध्ये. ऐकायचं म्हणजे बघायचं, असंच तिच्या अंगवळणी पडलं होतं.

शेडमागच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की होटगी रोडच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं दिसत. दानेश्वरी निम्मी सुट्टी त्या टाकीवर काढी. बारावीच्या वर्षी शरणबसव हत्तुरे कारखान्यात आले. हवाई दलात कंट्रोल टॉवरवर नोकरी करून, निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात राहायला आलेले गृहस्थ. लेकीच्या लग्नात आहेराला द्यायचे टॉवेल ते पसंत करत होते.

चनबसप्पा हसत म्हणाले, "आमच्या पोरीला पायलट व्हायचंय म्हणं."

हत्तुरे हसले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "किती वेळा बसलीस विमानात?"

"एकदाही नाही, काका."

"बरं झालं. नुसतं खिडकीतून बघायची सवय लागली नाही. गणित कसं आहे?"

टॉवेल राहिले बाजूला. त्या दिवसापासून दानेश्वरी स्कूटीवरून जुळे सोलापूरला जाऊ लागली. काकांनी तिच्याकडून वारा, ढग, नकाशे, इंजिन असं सगळं करून घेतलं. पोरगी झपाट्यानं शिकत होती. लेखी परीक्षा पार पडल्या, वैद्यकीय तपासणी झाली आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेशही मिळाला. एका गोष्टीकडे मात्र काकांचं लक्ष गेलं नाही. ते नेहमी तिच्या समोर बसून शिकवत.

विमानात दानेश्वरीचा हात सुरेख होता. अडचण रेडिओची होती. टॉवरकडून हेडसेटमध्ये सूचना आली की ती शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांच्या तोंडाकडे बघे. सूचना कळलीच, तर मान हलवून अंगठा दाखवी आणि विमान व्यवस्थित वळवी. टॉवरवरचा माणूस बिचारा उत्तराची वाट बघत राही.

"टॉवरला तुझी मान दिसत नाही," प्रशिक्षक म्हणत. आधी हसून म्हणत, नंतर चिडून.

बरोबरीची मुलं एकेक करून एकटी उडून आली. दानेश्वरीचं नाव पुढं ढकललं जाऊ लागलं. शेवटी मुख्य प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीनंतर एक चाचणी घेऊ. तेव्हाही रेडिओवर बोलता आलं नाही तर उड्डाण बंद; अशा मुलीला एकटीला आकाशात सोडणं धोक्याचं आहे.

ती सोलापूरला आली ती सरळ काकांकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक माझी. चल कारखान्यात."

मागांच्या खडखडाटात त्यांनी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. दोघांनी कानाला हेडफोन लावले, काकांनी तिच्या मोबाइलला फोन जोडला आणि ते टॉवरसारखे बोलू लागले. दानेश्वरी गर्रकन मागं वळली. काकांनी तोंडाला मास्क लावला. ती पुन्हा वळली, आणि मास्क बघून तिला हसू फुटलं. मागावरचे कामगार हातवारे करून तिला चिडवू लागले.

काकांनी माग जरा बंद करायला लावले. "हे बघ. टॉवरवरचा माणूस तुला गोष्ट सांगत नाही. वारा, धावपट्टी, परवानगी, ठरल्या क्रमानं तेच ते बोलतो. पुढं काय येणार हे आधीच मनात धर, म्हणजे ओठ लागणार नाहीत. आणि ऐकलंस की ते तोंडानं परत सांग. हात विमानाला लागतात, बोलायला उसने मिळायचे नाहीत."

सुट्टीभर हेच चाललं. तिची आई निंगव्वा चहा घेऊन येई आणि बघत उभी राही.

"काय म्हणतीया हो?" तिनं एकदा नवऱ्याला विचारलं.

"धावपट्टी मोकळी आहे म्हणतीया," चनबसप्पा म्हणाले.

"मोकळी कुटं हाय? सगळीकडं टॉवेल पडलेत की."

दानेश्वरीनं मागं न वळता, हेडफोन न काढता, पुढची सूचना जशीच्या तशी परत सांगितली. काकांनी मास्क काढला. तो निघाल्याचं तिला कळलंसुद्धा नाही.

चाचणीच्या दिवशी काका एसटीनं फ्लाइंग स्कूलला गेले आणि कँटीनच्या कट्ट्यावर बसले. प्रशिक्षकांनी तिच्याबरोबर काही फेऱ्या मारल्या, विमान थांबवायला लावलं, स्वतः खाली उतरले आणि दार लावता लावता म्हणाले, "जा, एक फेरी मारून ये."

शेजारची खुर्ची रिकामी झाली. विमान हलकं झालं होतं, नेहमीपेक्षा लवकर उचललं गेलं. खाली शेतं, कालवा, रस्त्यावरचे ट्रक, आणि वर दानेश्वरी एकटी. ती मोठ्यानं हसली. हसतच तिनं वळण घेतलं, धावपट्टी समोर आली, उतरायची परवानगी मिळाली, ती तिनं तोंडानं परत सांगितली. विमान खाली येत असताना हेडसेटमध्ये वेगळंच काही आलं. धावपट्टीवर कुत्रं शिरलं होतं. उतरू नका, पुन्हा वर जा.

हे ठरल्या क्रमात नव्हतं. बघायला चेहराही नव्हता. दानेश्वरीनं इंजिनाला पूर्ण जोर दिला, नाक वर उचललं आणि पुन्हा वर जात असल्याचं टॉवरला सांगितलं. खडखडत्या मागांवरून पलीकडं हाक पोचावी, इतक्या मोठ्यानं.

"ऐकू येतंय," टॉवरवरचा माणूस म्हणाला. "जरा हळू बोला."

दुसऱ्या फेरीला ती उतरली. चाकं टेकली तेव्हा कट्ट्यावर उभ्या राहिलेल्या काकांचा चहा शर्टावर सांडला होता. पहिल्यांदा एकटं उडून आलेल्याला भिजवायच्या रिवाजाप्रमाणे मुलांनी दानेश्वरीच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. मुख्य प्रशिक्षकांनी हात मिळवला आणि उद्यापासूनच्या एकटीच्या उड्डाणांची वेळ सांगितली.

पुढचे तास तिनं पूर्ण केले, लांब पल्ल्याची उड्डाणं केली आणि व्यावसायिक परवाना मिळवला. सध्या दानेश्वरी हैदराबादला मोठ्या प्रवासी विमानाचं प्रशिक्षण घेते, आणि सुट्टी मिळाली की रेल्वेनं सोलापूरला येते.