डोंगराकडची नाचणी

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते शेवग्याचा पाला काढायचं. मी आकडीनं फांदी खाली ओढून धरली होती आणि ती पाला ओरबाडून ओच्यात टाकत होती. शेवग्याची फांदी ठिसूळ, जरा जोर लागला की मोडते. ती सारखी म्हणत होती, "आवं, हळू. झाड हाय, बैल न्हाई." मी म्हटलं, तुला माझ्या खांद्यापेक्षा झाडाचीच काळजी. तर म्हणाली, "झाड ऱ्हायलं तर पाला. बाळंतपण झाल्यावर बी लागंल की."

बाळंतपण आमच्या सुनेचं. सातवा महिना लागला होता. आदल्या खेपेला सातव्यातच पोर गेलं होतं, आणि सूनही जाता जाता राहिली होती. अंगात रक्तच नव्हतं तिच्या. मुलगा लढाईवर गेलेला. बायकोनं मनाशी एकच धरलं होतं, ह्या खेपेला पोर पुऱ्या दिवसांचं झालं पाहिजे आणि पोराच्या आईनं उठून बसलं पाहिजे. त्या साली सगळा गाव लढाईच्या बातम्या विचारायचा. आमच्या घरात बातमी एकच, आज सुनेच्या पोटात काय गेलं.

तिचं नाव मी कधी घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. "अगं ए" म्हटलं की ती यायची, आणि पुष्कळदा न म्हणताच यायची. आता कागदावर तरी कशाला घेऊ?

ती पाटणच्या डोंगरातली. आमचं गाव कुंडलच्या बाजूला, काळ्या रानातलं. आम्ही शाळूची पांढरी भाकरी खाणारी माणसं. लग्नानंतरच्या दिवाळीला तिचा भाऊ नाचणीचं पोतं घेऊन आला. माझ्या आईनं मूठभर दाणे हातात घेतले आणि म्हणाली, एवढ्या मोहऱ्या कशाला आणल्यास बाबा? दुसऱ्या दिवशी भाकरी झाली, काळपट. आई म्हणाली, ही भाकरी थापलीय का शेणी? शेजारच्या बायका हसल्या. मीही हसलो असेन.

ती नवी सून होती, पण खाली मान घालून गप बसणारी नव्हती. हळूच म्हणाली, "आत्या, जिभेला इचारू नका. गुडघ्याला इचारा."

हे तिचं जन्माचं बोलणं. कारलं नको म्हटलं, हुलगा नको म्हटलं, अंबाडीची भाजी आंबट लागली, सगळ्याला हेच उत्तर. माझ्या आईचे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागलेच होते. आईनं दोन वर्षं हट्ट धरला, मग एका हिवाळ्यात आपणहून नाचणीची आंबील मागितली आणि पुढं रोज मागायला लागली. गुडघे काही बरे झाले नाहीत, खोटं कशाला सांगू. पण पोट साफ व्हायला लागलं, आणि म्हातारीचा निम्मा राग पोटाचाच होता. घरात शांतता झाली.

नाचणीचं ती असं सांगायची जसं कुणी आपल्या भावकीचं सांगावं. डोंगराच्या उतारावर पालापाचोळा जाळून राब भाजायचा, पावसात चिखलात वाकून रोप लावायचं, दिवाळीच्या आगेमागे कणसं खुडायची. कणसाची बोटं मिटली की मूठ दिसते. तिच्या बापाच्या घरी कणगी भरून ठेवली की वर्षानुवर्षं दाण्याला कीड नाही. आमच्या जोंधळ्याला एक पावसाळा गेला की सोंडे पडायचे. ती म्हणायची, जे धान्य किडा खात न्हाई ते काळाला बी पुरतं. दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याकडं लोक ह्याच्यावरच तगले, आणि म्हाताऱ्या बायका डोक्यावर भारा घेऊन डोंगर चढायच्या. हाडं टणक राहतात, असं तिचं म्हणणं. मी तिच्या माहेरी गेलो होतो तेव्हा तिच्या आजीच्या मागनं चढताना मला दोनदा बसावं लागलं. आजी वर उभी राहून विचारत होती, जावईबापू आजारी हायती का?

तुमच्याही घरात अशी एक असेलच. सर्दी झाली की हुलग्याचं माडगं. सांधे धरले की जवसाची चटणी. पोरांच्या दातासाठी काळे तीळ. बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून गुळातले अळीव. सगळं घरातलं, परड्यातलं, नाहीतर बाजारात कुणी फारसं विचारत नाही असलं. आणि तिचं सगळंच खरं होतं असंही नाही. तांबडं खाल्लं की रक्त वाढतं असं तिनं धरलं होतं, म्हणून माझ्या कालवणात चटणी जास्त घालायची. रक्त वाढलं का ते माहीत नाही, मूळव्याध वाढली.

सून आमची चांगली, पण मोठ्या बागायतदाराची. घरचं गुऱ्हाळ. काकवी-पोळीवर वाढलेली जीभ. नाचणी म्हणजे गरिबाचं खाणं, असं तिच्या माहेरी. सासूसमोर नाही म्हणता येईना, म्हणून आंबिलीचं वाडगं घेऊन ती परड्यात जायची आणि रिकामं वाडगं घेऊन परत यायची. बायको खूश. आठ-पंधरा दिवस झाले तरी पोरीचे डोळे पांढरे ते पांढरेच. मग एक दिवस बायको धार काढायला बसली तर म्हशीच्या मिशांना आंबील.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तिनं सुनेला हाक मारली, म्हशीजवळ उभी केली आणि म्हणाली, "पोरी, म्हशीला दिवस न्हाईत. तुला हायत."

सून आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसलो. एकटी म्हैस तेवढी रवंथ करत उभी होती. त्या दिवसापासून दोघी उंबऱ्यावर बसून एकेक वाडगं प्यायच्या. सासू पिऊन झालं की वाडगं पालथं करून दाखवायची, मग सुनेनं दाखवायचं. शेवग्याच्या पाल्याची भाजी, तीळ-गूळ, अंबाडी, सगळं असंच जोडीनं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनं पापणी ओढून बघितली, औषधाची बाटली दिली आणि पालेभाजी, गूळ खायला सांगितलं. बाहेर आल्यावर बायको मला म्हणाली, हुशार हाय हो डॉक्टर, माझ्यासारखंच बोलतोय. बाटलीही ती नेमानं पाजायची, आंबिलीच्या मागनं.

पुढच्या खेपेला डॉक्टरनं पापणी बघून मान हलवली आणि हसला. बायको येताना सगळ्या वाटेनं बोलत होती. एरवी गाडीत तिला झोप लागायची.

मग तो शेवग्याचा दिवस. पाला काढला, निवडला, सावलीत पसरला. ऊन कलल्यावर ती खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, छातीत दाटल्यासारखं होतंय, वाईच पाणी द्या. मी तांब्या घेऊन आलो तर प्यायला कुणी नव्हतं. एवढंच. जास्त काही सांगण्यासारखं झालं नाही. दिवस बुडायला तिला नदीवर नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवली. कुणी हात लावला नाही. सून भिंतीला पाठ लावून बसली होती, एक हात पोटावर. काल दुपारपासून तिच्या पोटात पाण्याचा एक घोट तेवढा गेलेला. बायका रडत होत्या, तिच्या डोळ्यात पाणीही नव्हतं. मी विचारलं, पोटातलं हलतंय का? तिनं मान हलवली, पण हो म्हणून का नाही म्हणून ते मला कळलं नाही.

माझी चुलती घर आवरत होती. आमच्यात माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओततात, शिजलेलं, भिजवलेलं टाकून देतात. तिनं उतरंडीमागनं एक गाडगं काढलं. त्यात नाचणीचं पीठ ताकात कालवलेलं होतं. आदल्या दुपारी कालवून ठेवलं असणार. रात्रभर आंबून काठापर्यंत फुगून आलं होतं. चुलती ते घेऊन उकिरड्याकडं निघाली.

मी ते तिच्या हातातनं काढून घेतलं.

"आरं, मेल्या माणसाच्या हातचं भिजवान हाय," ती म्हणाली. "ठेवत न्हाईत. आन् राख सावडंस्तवर घरात चूल पेटवत न्हाईत. तुला ठावं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "काकू, गेली तिला आता भूक न्हाई. हिला हाय."

चुलती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं सुनेकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि मी भांडलो असतो. पण ती परड्यात गेली आणि पदरानं पुसत पुसत तीन दगडं घेऊन आली. म्हणाली, "घरातली चूल न्हाई पेटवायची. हितं भायेर मांड. ह्ये काय चूल न्हवं."

मी जन्मात कधी आंबील केली नव्हती. गोठ्याच्या आडोशाला जाळ घातला, पाणी उकळलं, त्यात गाडगं ओतलं. गुठळ्या झाल्या. पळीनं फोडत बसलो. समाचाराला आलेली माणसं दारातनं बघत होती. एकजण दुसऱ्याला म्हणाला, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी ऐकलं. जाळाकडं लक्ष ठेवलं. बुडाला लागली की वास येतो, एवढं मला माहीत होतं.

वाडगं भरून सुनेसमोर ठेवलं. ती नुसती बघत होती. मी म्हटलं, जिवंत माणसानं केलेली हाय, पी.

तिनं एक घोट घेतला. तोंडात धरला. गिळला.

"मामा," ती म्हणाली, "मीठ न्हाई."

कालपासूनचा तिचा हा पहिला शब्द. मी आत जाऊन मीठ आणलं, चिमटीनं घातलं, बोटानंच ढवळलं. मग ती रडायला लागली. रडत रडत घोट घेत होती, मध्ये गुठळी आली की चावत होती. चुलती तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसली. वाडगं रिकामं व्हायला लय वेळ लागला. मी तिथनं हललो नाही.

मग शेजारणीकडनं ताक मागून आणलं. डब्यातलं पीठ काढलं आणि सुनेला विचारलं, किती घेऊ?

ती म्हणाली, "दोन मुठी. आत्यांच्या मुठी. तुमची एकच घ्या."

मी एक मूठ घेतली, ताकात कालवली, आणि उद्यासाठी झाकून ठेवली.