डावे इथं, उजवे तिथं

…तर खोली उघडली आणि आत सगळे डावेच! काल इथवर आलो आणि माझा चहा निवला, गोष्टही तशीच राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. पूर नुकताच ओसरला होता, आमची अख्खी वस्ती शाळेत मुक्कामाला होती, आणि डावे म्हणजे डाव्या पायाचे गमबूट. ही करामत आमच्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, बाजारगल्लीत चपला-बुटांचं दुकान चालवणारे.

दाजींचा धंद्यात एक नियम होता. दुकानाबाहेर टांगायचा तो प्रत्येक जोडातला डावाच. उजवा आत, खोक्यात. एका पायाचा बूट कोण चोरणार? तरी एकानं चोरला. दोन-तीन दिवसांनी तोच गडी दुकानात हजर. "शेठ, हा रस्त्यात सापडला. ह्याचा भाऊ आहे का तुमच्याकडं?" दाजींनी शांतपणे उजवा काढून दिला आणि पैसे अख्ख्या जोडाचे घेतले! ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत, की शेवटचं वाक्य ताईच म्हणून टाकायची.

आता पूर ओसरला म्हणजे संकट गेलं असं नव्हे. घराघरांत गुडघाभर गाळ. वरून लोण्यासारखा मऊ, आत फुटक्या काचा, खिळे, पत्रे. ताई पहिल्याच दिवशी अनवाणी घरात शिरली आणि टाच चिरून परत आली. टाके पडले. डॉक्टरांनी सगळ्यांनाच दम भरला, बुटाशिवाय कुणी घरात पाऊल टाकायचं नाही. पण गाळ कुणासाठी थांबतो होय? ओला आहे तोवर फावड्यानं निघतो, वाळला की दगड. ताई वर्गातल्या बाकावर पाय वर करून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "ऊन पडलंय का रे?" पडलंय म्हटलं की रडकुंडीला यायची.

अशात मदतीचा ट्रक आला, काठोकाठ गमबुटांनी भरलेला. मदतवाल्या बाई म्हणाल्या, वाटप सकाळी. झालं, दाजी पुढं सरसावले.

"बाई, जोडच्या जोड असे ठेवाल तर सकाळी नुसती पोती उरतील. हे माझ्यावर सोडा. जन्म गेलाय माझा बुटांत."

बाईंना कित्येक दिवस धड झोप नव्हती. त्यांनी बिचाऱ्यांनी हातच जोडले. दाजींनी आम्हा चौघांना कामाला लावलं. सगळे डावे शाळेच्या खोलीत, सगळे उजवे रस्त्याकडेच्या गोदामात, दोन्हीकडं कुलपं. मग बाकावर आडवे झाले ते असे घोरले, की ताईनं कानात कापूस घातला.

सकाळी खालच्या वस्तीचा ट्रक आला. ड्रायव्हरला हुकूम एवढाच, की गोदामात असेल तो माल उचल. बाईंचा डोळा लागलेला, गोदामाची किल्ली टेबलावर. त्यानं इमानदारीत सगळे उजवे उचलले आणि नदीच्या खालच्या अंगाला नेऊन उतरवले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर दोन वस्त्या रिकाम्या!

बाईंनी वरच्या साहेबांना फोन लावला. तिकडून उत्तर, "बूट दोन्हीकडं पोचलेत ना? मग तो विषय संपला. आता ब्लँकेटं पाठवतोय." आणि खरंच पाठवली. त्यामागून बिस्किटं. त्यामागून पुन्हा ब्लँकेटं!

दाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, ही ब्लँकेटं पायाला गुंडाळू का मी?"

"काका, माझ्यावर कशाला ओरडता? मी तरी किती वेळा सांगू त्यांना? गाडी मागितली तर म्हणतात, वाटप झालंय, आता गाडी कशाला."

तोवर आमचा नळवाला दोन डावे घालून घरी जाऊन आला. येताना उजव्या पायाची करंगळी सोललेली, आणि तोंडात दाजींच्या नावानं जे काही होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी दाजींनी एक ट्रॅक्टर मिळवला. ट्रॉलीत डाव्यांचं एक पोतं टाकलं आणि मला घेऊन निघाले. बाकीचे डावे? कुलपात! खालच्या वस्तीत उजव्यांच्या ढिगावर एक आडदांड नावाडी बसला होता, दाजींचाच सख्खा भाऊ शोभेल असा.

"आधी सगळे डावे आणा," तो म्हणाला. "मग बघू."

"आधी निम्मे उजवे द्या," दाजी म्हणाले.

"आणि तुम्ही तिकडून आलाच नाहीत तर?"

"आणि तुम्ही दिलेच नाहीत तर?"

दोघं शेरास सव्वाशेर. हुज्जतीत दुपार टळली. ऊन असं रणरणत होतं, की ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेला चिखल माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडून तडकला. मी त्याचं एक ढेकूळ उचलून दाजींच्या हातावर ठेवलं. म्हटलं, "दाजी, हा बघा तुमच्या स्वयंपाकघरातला गाळ."

त्यांनी ढेकूळ दाबून पाहिलं. फुटेना. मग खिशातली किल्ली काढून माझ्या अंगावर फेकली. "जा. सगळे डावे घेऊन ये. एकही ठेवू नकोस."

मी ट्रॉली भरून आणली. नदीकाठच्या उघड्या मैदानावर, चार माणसांच्या डोळ्यांसमोर, दाजींनी डाव्याशेजारी उजवा मांडायला घेतला. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि चेहरा असा, की जणू भर बाजारात कुणी त्यांना सदरा काढायला लावलाय. नावाडीही मग खाली उतरून माप जुळवू लागला. निम्मे जोड त्यांचे, निम्मे आमचे.

पण वेळ जायचा तो गेलाच. पुढच्या दारांतला गाळ फावड्याला आला. आतल्या खोल्यांतला वाळून बसला होता, तिथं कुदळी घ्याव्या लागल्या. ताईच्या स्वयंपाकघरात दाजी दिवसभर कुदळ मारत होते. जमिनीच्या फरश्याही गाळाबरोबर फुटून येत होत्या. ताई एका पायात गमबूट, दुसऱ्याला पट्टी, दारात स्टुलावर बसलेली. मग म्हणाली, "अहो, त्या दिवशी जोड जोडाला राहू दिला असता तर ही फरशी वाचली असती. लोकांची घरं चार दिवस आधी निघाली असती. कळतंय का काही?"

दाजींनी कुदळ टेकवली, कपाळावरचा घाम पुसला, आणि म्हणाले, "ते सगळं खरं गं. पण एक तरी बूट चोरीला गेला का, ते सांग."