बेघर देवांची भिंत

अख्ख्या मुळशी तालुक्यात देवांवर सगळ्यात जास्त उपकार कोणी केले असतील तर ते आमच्या साडूंनी, आणि तेही देव मानत नसताना. चित्रकार व्हायचं म्हणून नोकरी सोडून ते पौडच्या पुढे येऊन राहिले आणि चित्रं राहिली बाजूला, पिंपळाखालचे देव गोळा करू लागले. काच तडकलेली तसबीर घरात ठेववत नाही आणि कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून लोक ती गुपचूप झाडाखाली ठेवून येतात. साडू ती उचलून आणत, फुटकी काच काढून टाकत, मऊ फडक्याने देव पुसत. स्कूटरवर देव पायाशी कसा ठेवायचा, म्हणून हा नास्तिक माणूस तसबीर पाठीला बांधायचा. एकदा सूसच्या कोंडीत मागचे लोक हॉर्न वाजवायचे सोडून हात जोडू लागले, तर घरी येऊन म्हणाले, "लोक आता कलावंताला ओळखायला लागलेत." मेहुणीबाईंचं म्हणणं एवढंच, की घरात तेहतीस कोटी राहतात, पण माझ्या माहेरच्यांना पाठ टेकायला जागा नाही.

शेवटी जुन्या गोठ्याची एक भिंत त्यांनी या तसबिरींनी भरली. धर्म आणि समाज यांवरची ती कलाकृती होती. म्हणजे नक्की काय, ते साडू तासभर समजावत आणि मी मान डोलवत असे. पुण्याच्या एका गॅलरीची माणसं ती बघायला येणार होती, आवडली तर मोठ्या प्रदर्शनात नेणार होती. इतकी वर्षं ज्याचं हसं झालं, त्याच्यासाठी ही केवढी गोष्ट. ती येण्याच्या आदल्या दिवशी साडूंनी गावाला बोलावलं. सरपंचांनी आधीच बजावलं होतं, "कुनाचं मन दुखलं, तर सांजच्याला समदं उतरवायचं."

गाव आलं आणि एकेक तसबीर निरखत उभं राहिलं. मी सरपंचांच्या तोंडाकडे बघत होतो. तेवढ्यात एक आजी पुढे झाल्या. "ह्यो तर आमचा खंडोबा. काच फुटली म्हून मीच ठिवला हुता झाडाखाली. आता काचच न्हाई, मंग घरी न्यायला काय हरकत हाय?"

साडूंच्या डोळ्यांपुढे उद्याची गॅलरी उभी राहिली असणार. मग स्वतः स्टुलावर चढून त्यांनी खंडोबा उतरवला. "न्या आजी," म्हणाले.

मग काय, झुंबडच उडाली. कोणी लक्ष्मी नेली, कोणी मारुती. ज्यांचं काही नव्हतं त्यांनीही एखादा देव पसंत केला. सरपंच तर दत्त छातीशी धरून निघाले. संध्याकाळपर्यंत भिंत खरोखरच उतरली, पण मन कोणाचंही दुखलं नव्हतं. साडू गड जिंकल्यासारखे दारात उभे होते. "पुण्यात लोक बघून जातात," ते म्हणाले, "माझं प्रदर्शन घराघरांत लागलंय."

गॅलरीची माणसं दुसऱ्या दिवशी आली, खिळे बघून चहा पिऊन गेली. त्यांचा फोन काही आला नाही. साडू गावात कोणाकडेही गेले की आधी भिंतीवरचा देव सरळ करतात, मग बसतात. परवा त्यांना हाक मारायला गोठ्याशी गेलो, तर त्या रिकाम्या भिंतीसमोर साडू चपला काढून उभे होते. हाक न मारताच मी परत फिरलो.