शाडूच्या गोळ्यांचं मतदान

गणपतीच्या कारखान्यातल्या माणसाला किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. मूर्ती वाळेपर्यंत हात रिकामे असतात आणि तोंड मोकळं. पाटावर पाट चढत जातात तसे किस्सेही चढत जातात. चतुर्थीला मूर्ती जातात, किस्से तेवढे माळ्यावर राहतात. मी जोह्याला कंप्रेसरवर रंग मारतो, राहतो पेणला. त्या हंगामात आमच्या कारखान्यात बाप्पापेक्षा विम्याचंच नाव जास्त घेतलं गेलं. अजूनही कुणी विमा म्हटलं की मला बसल्या जागी चैन पडत नाही.

*

सुरुवात केली पाटणकरसाहेबांनी. हे आमचे विमा एजंट. कारखान्यातल्या सगळ्या कुटुंबांचा मिळून दवाखान्याच्या खर्चाचा एक गट विमा होता. साहेब दरवर्षी यायचे, चहा प्यायचे, सह्या घ्यायचे आणि जायचे. त्या वर्षी त्यांनी चहा हातात घेतला, पण प्यायले नाहीत. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

म्हणाले, कंपनीनं सुधारणा केलीय. साठीच्या पुढची माणसं गटात ठेवायची असतील तर सगळ्यांचाच हप्ता जवळजवळ दुप्पट होणार. ती वगळली तर आहे तेवढाच राहील. काय ते तुम्हीच ठरवा, पुढच्या महिन्यात येतो.

साहेब उठले, तर पँटीला मागून बाप्पाचा गुलाबी रंग! ओल्या पाटावर बसले होते बिचारे. आमच्याकडे माती मळणाऱ्या सुलभावहिनी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, ह्या डागाचा खर्च जुन्या नियमात बसतो का नव्या?"

*

साठीच्या पुढचे आमच्यात तिघं. त्यातले दोघं गरीब गाय. तिसरे अण्णा. अण्णा म्हणजे आमचे आखणीवाले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी सगळं काम कुणीही करो, डोळे अण्णांचे. आणि अण्णांचा मुलगा विलास आमच्यातच मातीकाम करणारा, हात चलाख पण घाईचा.

आमच्याकडे एक रीत आहे. शाडूची मूर्ती करायला बसायच्या आधी ज्यानं त्यानं आपला गोळा आपणच वळायचा, दुसऱ्याचा वळलेला घ्यायचा नाही. अण्णांनी वळलेला गोळा गुळगुळीत, विलासच्या गोळ्याला हमखास भेग राहायची. अण्णा येताजाता तो गोळा उचलायचे आणि सगळ्यांसमोर सुनवायचे, "भेग ठेवू नको रे. पुढं सोंड तडकते." चाळिशीला आलेला मुलगा, पण रोजचं बोलणं काही चुकलं नाही.

आता विम्यावरून हे दोघं समोरासमोर आले. विलासचं म्हणणं, म्हातारी माणसं वगळा. त्याची मुलगी दम्याची, दर पावसाळ्यात पेणच्या दवाखान्यात दाखल. हप्ता दुप्पट झाला तर अर्धी घरं विमा सोडतील, गटच मोडेल, मग म्हातारे आणि पोरं दोन्ही उघड्यावर. अण्णांचं म्हणणं, इतकी वर्षं हप्ता भरला तो काय तरुणपणी वरातीत नाचायला?

दोघांचंही पटायचं, हीच तर पंचाईत. मी सकाळी बापाच्या बाजूचा असायचो, जेवणानंतर मुलाच्या. कारखान्यात दोन तट पडले. बापलेक एकाच एसटीनं यायचे आणि पाठीला पाठ लावून चहा प्यायचे.

*

बरं, कारखान्याबाहेर जावं तर तिथेही तेच. माझी सासुरवाडी रोह्याची. सासूबाई आजारी म्हणून गेलो, तर मेहुणा धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, हातात सरकारी योजनेचं कार्ड. दवाखान्यात त्याला सांगितलेलं की कार्ड चालतं, पण हा आजार योजनेत बसत नाही.

मी समजुतीनं म्हटलं, पुढे बसेल, सुधारणा चालूच आहेत. मेहुणा म्हणाला, "व्हय ना. आयेला सांगतो, तोवर बसणारा आजार निवड."

सासूबाई आतून म्हणाल्या, "स्वस्तातला सांग रे कुठला तो."

*

परतताना कोलाडला गाडी बंद पडली. पुढच्या सीटवर कुणीतरी हप्त्यावरच्या कराचा विषय काढला आणि सगळी एसटी पेटली. एक म्हणे सरकारनं सगळ्यांचं सगळं करावं. दुसरा म्हणे मग कर कोण भरणार, तुझा मामा? एक मास्तर म्हणाले, तरुणांनी म्हाताऱ्यांचं ओझं का वाहावं? त्यांच्या शेजारी सत्तरीची आजी भाजीची पाटी घेऊन बसलेली.

शेवटी कंडक्टर उठला. म्हणाला, "म्हाताऱ्यांचं मी अर्धं तिकीट घेतो. तरी गाडी त्यांना पेणपर्यंत नेतेच ना? अर्ध्यात उतरवते काय?"

मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "नेते, पण अशी!" आणि गाडी बंद पडली होती ती बंदच राहिली.

*

मग निडी गावचा एक गिऱ्हाईक. दरवर्षी आमच्याकडूनच मूर्ती नेणारा. आपली मूर्ती बघायला आला, डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली आणि म्हणाला, "अण्णा, हा बाप्पा माझ्याकडं बघत नाय. शेजारच्याकडं बघतोय."

अण्णा म्हणाले, "तुझा हप्ता थकला असंल."

आम्ही पोट धरून हसलो. विलास हसला नाही. तो हात न धुताच बाहेर निघून गेला.

आणि मग माझंही हसू ओसरलं. आठवू लागलं. अण्णा हल्ली दारातल्या उजेडातच बसायचे. दुपार कलली की ब्रश धुऊन ठेवायचे. रंगाची वाटी हातानं चाचपून घ्यायचे. सुलभावहिनींनी त्या दिवशी त्यांना डोळ्यांचं सरळच विचारलं. मोतीबिंदू असता तर फुकटच्या शिबिरात निघाला असता, पण हे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं दुखणं होतं. पनवेलला इंजेक्शनं घ्यावी लागणार, मग ऑपरेशन. विम्यात राहिले तर होणार, वगळले तर घर विकून पण जमायचं नाही.

"विलासला माहीत हाय?" वहिनींनी विचारलं.

"डॉक्टरांचा कागद त्यानंच वाचला," अण्णा म्हणाले. "मला कुठं दिसतंय?"

त्या संध्याकाळी मी रंग मारायला घेतला आणि तीन मूर्तींचं पीतांबर बिघडवलं. राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. अण्णांची बाजू घ्यावी तर विलासची मुलगी डोळ्यांसमोर यायची. तिच्या दम्याला काय सुधारणा कळते?

*

ठरलेल्या दिवशी पाटणकरसाहेब आले, या वेळी घरून वर्तमानपत्र घेऊन. ते अंथरून बसले. भांडणं नकोत म्हणून त्यांनीच सुचवलं, गुप्त मतदान करा. पण ऐन हंगाम, सगळ्यांचे हात मातीत, चिठ्ठ्या लिहिणार कोण? तेव्हा कुणीतरी म्हणालं, शाडूचे गोळे ठेवू. धुळीसाठी लावलेल्या प्लॅस्टिकच्या पडद्यामागे दोन पाट मांडले. मोठ्या बाप्पाच्या पायाशी होता तो 'ठेवा'चा, भिंतीकडचा 'वगळा'चा. एकेकानं आत जायचं, गोळा वळायचा, ठेवायचा आणि गप्प बाहेर यायचं. सगळ्यांना पसंत पडलं. साहेब तर खूश झाले. म्हणाले, अशी शिस्त कंपनीतही नाही.

अण्णा भिंतीला हात लावत आत गेले, तसेच बाहेर आले. विलास शेवटी गेला आणि आत बराच वेळ थांबला.

साहेबांनी पडदा सारला. मोजायचीही गरज नव्हती, बाप्पाच्या पायाशी गोळे भरपूर होते. "ठरलं," साहेब म्हणाले, "ज्येष्ठ मंडळी गटात राहणार." कुणी टाळी वाजवली नाही. साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांना बिचाऱ्यांना काही कळेना.

आम्हाला मात्र पडदा सरताच सगळं कळलं होतं. गुप्त मतदान म्हणे! वर्षानुवर्षं शेजारी बसून माती वळणारी माणसं आम्ही. सुलभावहिनींचा गोळा बुडाला चपटा, माझ्या गोळ्यात पाणी जास्त. कुणाचं मत कुठे पडलं ते पाटावर सरळ दिसत होतं. दोघा-तिघांनी तर मान खाली घातली ती वर काढलीच नाही.

पण आम्ही बघत होतो ते दोनच गोळे. एक 'वगळा'च्या पाटावर, अगदी कडेला. वाटोळा, गुळगुळीत, भेगेचं नाव नाही. तसा गोळा आमच्यात एकच माणूस वळतो. आणि दुसरा बाप्पाच्या पायाशी, मधोमध तडकलेला.

विलास त्या कडेच्या गोळ्याकडे बघत उभा होता.

अण्णा पुढे झाले. डोळे बारीक करून बाप्पाच्या पायाशी वाकले आणि बोटांनी एकेक गोळा चाचपत गेले. तडकलेल्या गोळ्यावर बोटं थांबली. तो त्यांनी उचलला, अंगठा पाण्यात बुडवला आणि भेग हळूहळू बुजवत राहिले.

"कितीदा सांगितलं तुला," ते म्हणाले, "भेग ठेवू नको."

आणि गोळा होता तिथेच परत ठेवला.