काकांचं बोट आणि माझी वायर

उजव्या हाताचं पहिलं बोट कानाजवळ उभं करायचं, डोळे मिटायचे, आणि मग एकदम उघडून समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं. "आलं का, सर?" आमच्या गल्लीतल्या काकांचं हे कायमचं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. कुणाला आंब्यातलं कळतं, कुणाला गाड्यांमधलं. आमच्या काकांना आवाजातलं कळायचं. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो, आणि मी तर गणिताचा मास्तर असूनही चाललो होतो.

काका वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर होते. पत्रे ठोकणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात तीस वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत माणसाएवढे दोन स्पीकर आणून उभे केले. दर रविवारी सकाळी तिथं बैठक. मी कायमचा, बाकी कधीमधी आणखी एखाद-दुसरा. काकू चहा आणायच्या. नवऱ्याशी बोलण्याआधी त्या नेहमी त्यांच्या खांद्याला हात लावायच्या. या वयातही काय प्रेम आहे बघ, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. "शिका मग काहीतरी," ती म्हणाली.

बैठकीला एकच नियम होता. पाण्याच्या दिवशी बैठक नाही. ती दुष्काळाची वर्षं होती. शहर हर्सूलकडे, बीड बायपासकडे फुगत चाललं होतं आणि नळाला पाणी आधी चौथ्या, मग सहाव्या, मग आठव्या दिवशी. पाणी आलं की घराघरातल्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या. "त्या घरघरीत काय ऐकता, सर? लई बारीक काम असतंय हे," काका म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी पुण्याहून आलेली वायर दाखवली. अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी. बोटाएवढी जाड, वरून निळी जाळी, दोन्ही टोकांना सोनेरी पिना. दुकानदाराने चार दिवस ऐकून बघा म्हणून दिली होती. आधी जुन्या साध्या वायरीवर बासरीची रेकॉर्ड लावली. मग नवी जोडून तीच पुन्हा.

"मागं झांज हाय बघा बारीक," काका म्हणाले. "चांगल्या वायरीत तिची किनार सुटी होती, म्हणतात." बोट वर गेलं. डोळे उघडले. "आलं का, सर?"

खरं सांगू? मला दोन्ही वेळा तीच झांज ऐकू आली. पण समोर तो जाणकार माणूस, ते बोट, आणि आपल्याला कळत नाही हे कबूल करायची लाज. मी मान हलवली. समजलं नसताना मान हलवणारी पोरं मी फळ्याकडे तोंड असतानासुद्धा ओळखतो. स्वतःला नाही ओळखलं.

पुढच्याच आठवड्यात मी माझ्या घरच्या छोट्या स्पीकरांसाठी तीच वायर घेतली. गच्चीवर मोठी टाकी बसवायची म्हणून बायकोने शिकवण्या घेऊन पैसे साठवले होते, त्यातून. घागरी, बादल्या, अगदी कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवणारी बाई ती. वायर बघून ओरडली नाही. "बरं झालं," म्हणाली. "आता हिच्यातूनच पाणी काढा." त्या उन्हाळ्यात टँकरमागे हंडा घेऊन तीच पळाली. ती खोलीत आली की मी रेकॉर्ड बंद करायचो. मनात म्हणायचो, काका चुकणार नाहीत, आपलेच कान अजून तयार नाहीत.

मग तो रविवार आला. कुठंतरी पाइपलाइन फुटल्यामुळे पाण्याचं वेळापत्रक बदललं आणि बैठक चालू असतानाच नळ आले. काकूंनी खिडकीखालची मोटर लावली. शेजारच्यांनी लावली. बासरी बुडाली, खोलीभर नुसती घरघर. काका डोळे मिटून, बोट वर.

"ही शांतता ऐका, सर. टाचणी पडली तरी कळंल."

मला आधी गंमत वाटली. "काका, मोटर," मी म्हटलं. डोळे मिटलेलेच. मोठ्याने म्हटलं. तरी नाही. मग मी उठलो आणि आवाजाचं बटण शून्यावर नेलं. बोट वरच होतं. दारात काकू उभ्या होत्या, ओल्या हातांनी. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. खांद्याला लावायचा तो हात कशासाठी असायचा, ते मला तेव्हा कळलं.

मी चपला घालून निघून आलो. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्या बोटावर मी बायकोची टाकी घालवली! फसवलं, सरळसरळ फसवलं.

संध्याकाळी काका घरी आले. "पत्र्यानं खाल्ले कान," म्हणाले. "रिटायर व्हायच्या आधीच. समोर बसून बोललं तर ओठांवरून कळतंय. गाण्यात ढोलकी-तबला असला तर नुसता ठोका येतो, पायाखालून. बासरीत तो बी नाय."

"मग मला वायर घ्या म्हणून कसं सांगितलंत?"

माझ्या ओठांकडे बघत ते गोंधळले. "मी कुठं सांगितलं, सर? मला कुठं काय येतंय? मी तर तुमच्या तोंडाकडं बघत होतो. तुम्ही मान हलवली. म्हणलं, गणिताचा माणूस, उगं मान हलवायचा नाय. म्हणून तर मी बी घेतली. कानाच्या मशीनसाठी पैसे ठेवले होते, ते घातले त्याच्यात. म्हणलं, सरांना एवढं साफ ऐकू येतंय, तर एखाद्या वेळेस मला बी येईल."

चोर तो चोर, वर शिरजोर, असं मी मनात म्हटलं. बायको चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान वर केली नाही.

त्यानंतर बैठक झाली नाही. मी त्यांच्याकडे गेलो नाही. राग धरून बसलो, कारण राग धरून बसणं सोपं होतं. दिवाळीनंतर काकांनी घर एका बिल्डरला विकलं आणि दोघं नाशिकला मुलीकडे निघाली. आज त्या जागी चार मजली इमारत आहे, गच्चीवर ओळीने काळ्या टाक्या.

निघायच्या दिवशी सामान टेम्पोत भरलं. काका ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी नाइलाजाने दारात जाऊन उभा राहिलो, मागे बायको. काका खिडकीतून वाकले.

"सर, त्या दिवशी खरंच आलं होतं ना? झांजेची किनार?"

खरं सांगायची ती शेवटची वेळ होती. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी टक लावून.

मी मान हलवली.

काका हसले आणि त्यांनी बोट वर केलं. टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत ते खिडकीबाहेर दिसत होतं.